पास झालेली गाडी

धूर तपासणी केंद्रावर येणारे गाडीवाले त्यांना तोंडावर काका म्हणत आणि पाठ वळली की नापासकाका. हे नाव त्यांच्या कानावर केव्हाच पोचलं होतं. त्यांनी ते मनाला लावून घेतलं नाही, उलट घरी येऊन हसत हसत बायकोला सांगितलं. काकू म्हणाल्या, "बरोबरच आहे. माझ्या हातचा चहा तरी तुम्ही कधी पहिल्या झटक्यात पास केलात?"

केंद्र म्हणजे शहराबाहेरच्या गोदामांच्या रांगेतली एक लांबट शेड. दोन्ही टोकांना शटर, जमिनीवर रंगवलेले दोन पिवळे पट्टे, छताला सदानकदा घरघरणारा पंखा. गाडी पट्ट्यांमध्ये उभी राहिली की काका तिच्या धुराच्या नळीत एक लांब सळई खुपसत. सळईतून धूर मशीनमध्ये जाई आणि पडद्यावर आकडे उमटत. आकडे मर्यादेत असले तर हिरवी पट्टी, नाहीतर लाल. काम एवढंच. पण सळई घालण्याआधी काका बॉनेटवर तळवा ठेवून, मान तिरकी करून इंजिन ऐकत उभे राहत. आधी बरीच वर्षं गॅरेजमध्ये काढली होती, त्यातली ही सवय. संगणकावर बसून दाखले छापणारा त्यांचा जोडीदार चिडवायचा, "काका, नाडी बघून झाली असेल तर औषध द्या आता."

काकांना एकच लेक. ती विम्याच्या कचेरीत कामाला. जावई पाण्याच्या मोठमोठ्या टाक्या बनवणाऱ्या कारखान्यात वेल्डर. हात इतका साफ की त्याने जोडलेला सांधा बोटाला कळायचा नाही. माणूस मनमिळाऊ, कष्टाळू, सासूसासऱ्यांना जीव लावणारा. वेड एकच, त्याची गाडी. बुटकी, रुंद, रस्त्याला पोट घासत जाणारी आणि सुटली की डोळ्यांसमोरून नाहीशी होणारी. मोडक्या अवस्थेत आणून त्याने ती सुट्ट्यांमध्ये एकहाती उभी केली होती. लेक म्हणायची, "बाबा, ही माझी सवत. फरक इतकाच, की हिच्या अंघोळीला बादली मलाच भरून द्यावी लागते."

त्या वर्षी जावयाने गाडीला हेडर बसवले. इंजिनातला धूर सगळ्यात आधी ज्या जाड, ओतीव लोखंडाच्या तोंडातून बाहेर पडतो ते काढून त्याने त्या जागी बाहेरून मागवलेल्या चार चकचकीत, वळणदार नळ्या लावल्या. धूर मोकळा सुटला, इंजिनाला दम आला. पण नळ्या लांब होत्या. त्यांना जागा करण्यासाठी त्याने धूर शुद्ध करणारा डबा, म्हणजे कन्व्हर्टर, काढून कोपऱ्यात ठेवला. आणि तपासणीचा दिवस आला तेव्हा गाडी घेऊन सासऱ्यांच्या पिवळ्या पट्ट्यांमध्ये उभा राहिला.

काकांनी सळई घातली. लाल पट्टी आली.

"जावईबापू, डबा कुठाय?"

"घरी. लावतो ना परत, बाबा. आज तेवढं..."

"आज तेवढं काही नसतं. हेडर लावा, माझी ना नाही. पण मंजुरीचा शिक्का असलेले लावा आणि डबा मूळ जागी बसवा. मग या."

जावयाने गिअर टाकला. गाडी मागे घेताना जोडीदाराने कपाळावर हात मारून घेतलेला त्याने पाहिला.

घरी काकूंनी काकांशी अबोला धरला. "परक्याला नापास करा, नाहीतर देवाला करा. जावई हो तो! चार माणसांत त्याचा पाणउतारा करून काय मिळवलंत?" एवढं बोलून त्या गप्प झाल्या, आणि त्यांचं गप्प राहणं बोलण्यापेक्षा महाग पडायचं. भाजी अळणी येऊ लागली. लेकीचा फोन आला की काकू तो स्वयंपाकघरात नेऊन दार लोटून घ्यायच्या.

जावयाने मात्र सांगितलेलं सगळं केलं. आखूड नळ्यांचे, शिक्का असलेले हेडर आणले, डबा मूळ जागी बसवला आणि पुन्हा हजर झाला. या वेळी काका म्हणाले, "मी हात लावत नाही. उद्या कुणी म्हणायला नको, सासऱ्याने पास केली." सळई जोडीदाराने घातली. काका बाजूला उभे राहिले.

रांगेत थांबून इंजिन थंड झालं होतं, तेव्हा आतून बारीक आवाज येत होता. टिक, टिक, टिक. कुणीतरी नखाने पत्रा वाजवावा तसा. काकांनी मान तिरकी केली.

"हा कसला आवाज?"

"हेडरचा, बाबा. पातळ नळ्या आहेत, आतला दणका बाहेर ऐकू येतो. सगळ्यांचा येतो." जावई खुशीत होता. त्याने दार उघडून आत बसवलेलं नवं गोल मीटर दाखवलं. हवा आणि पेट्रोलचं प्रमाण सांगणारं. "याची वायर मी थेट इंजिनातून ओढून घेतलीय. आता चालवता चालवता सगळं कळतं."

आवाजाचं तो म्हणाला ते खोटं नव्हतं. काकांनी तसे हेडर ऐकले होते. इंजिन तापलं तसा आवाजही विरला. पडद्यावर आकडे आले. विषारी वायू मर्यादेच्या कितीतरी खाली. हिरवी पट्टी. जोडीदाराने टाळी वाजवली.

पडद्याच्या अगदी तळाशी करड्या अक्षरांत आणखी एक आकडा असतो, ऑक्सिजनचा. त्याला मर्यादा नाही. त्यावरून कुणी पास होत नाही, नापासही होत नाही. तो आकडा असायला हवा त्यापेक्षा जास्त होता. मधे कुठेतरी फट असली की धुरात बाहेरची हवा शिरते, धूर पातळ होतो आणि मशीनला साळसूद दिसतो. काकांनी तो आकडा पाहिला. पाहून त्यांनी तोंड उघडलंही.

"काका, आता तरी सोडा जावयाला," जोडीदार हसून म्हणाला आणि दाखला छापायला टाकला.

काकांनी तोंड मिटलं. त्या संध्याकाळी भाजीत मीठ होतं.

थंडी पडली. लेक, जावई आणि त्यांची नुकती बोलायला लागलेली मुलगी रोज सकाळी एकत्र गाडीने निघत. आधी मुलीला पाळणाघरात सोडायचं, मग लेकीला कचेरीत, मग जावई कारखान्यात. मुलीला सगळे भिंगरी म्हणत, कारण ती एका जागी ठरायची नाही. झोपेच्या नावाने तर शंखच. जन्मल्यापासून तिने दोन्ही घरांना जागवलं होतं. पण थंडीत एक नवल झालं. गाडीत बसली की भिंगरी झोपायची.

"अगं आई, कोपऱ्यावरचं वळण यायच्या आत मान टाकते!" लेक फोनवर सांगायची. काकू हरखून जायच्या. "हिला गाडीचा पाळणा मानवला बघ." पुढे पुढे भिंगरी संध्याकाळी किरकिर करू लागली की जावई तिला मुद्दाम गाडीत घालून काचा बंद करून दोन चकरा मारून आणू लागला. ती खांद्यावर लोळागोळा होऊन परत यायची. शेजारणी म्हणायच्या, नशीबवान आहात.

लेकीचं डोकं दुखायला लागलं होतं. सकाळी कचेरीत पोचली की कपाळाभोवती पट्टा आवळल्यासारखं व्हायचं, दुपारपर्यंत उतरायचं. तिने डोळे तपासले, चष्म्याचा नंबर तोच निघाला. पित्त म्हणून चहा सोडला. भिंगरीला पाळणाघरात एकदोनदा उलटी झाली, तिथल्या बाईंनी दुधावर ढकललं. जावई म्हणाला, "रविवारी बरं हिचं डोकं दुखत नाही. हे कचेरीचं दुखणं आहे, औषध साहेबाला द्या." सगळे हसले. काकाही हसले. पण त्यांचा हात ताटावर थोडा वेळ तसाच थांबला, आणि काय आठवता आठवता राहिलं ते त्यांना सापडलं नाही.

काकांच्या बहिणीने डोंगरावर घर बांधलं होतं. तिचं बोलावणं आलं आणि एका रविवारी सगळे जावयाच्या गाडीतून निघाले. काका पुढे जावयाशेजारी बसले, मागे काकू, लेक आणि मधे भिंगरी. बाहेर बारीक पाऊस आणि बोचरं गार वारं. काचा बंद, आत गरम हवा सोडलेली. भिंगरीने गाडी शहराबाहेर पडायच्या आत मान टाकली. काकू कौतुकाने म्हणाल्या, "बघा, सांगत नव्हते?" आणि थोड्या वेळाने त्यांचीही मान कलली.

चढाच्या मध्यावर गाड्या थांबल्या. पुढे रस्त्यावर झाड पडलं होतं, ते कापायचं काम चालू होतं. जावयाने गाडी उभी केली, पण ऊब राहावी म्हणून इंजिन चालूच ठेवलं. काचांवर वाफ धरली. बाहेरचं काही दिसेना, फक्त पुढच्या गाडीचे लाल दिवे पसरट झालेले. जावयाने एक जांभई दिली, मग दुसरी. काकांना कपाळावर दाब जाणवत होता. त्यांना वाटलं, उंचीवर आलो म्हणून असेल. डोळे मिटावेत असं फार वाटत होतं. ते मिटायला हरकत नाही असंही वाटत होतं.

मागून लेक पुटपुटली, "डोकं फुटतंय माझं."

काका तसेच बसून राहिले. ते वाक्य त्यांच्यापर्यंत फार लांबून आल्यासारखं आलं. मग ते सावकाश म्हणाले, "आज तर रविवार आहे."

"काय?"

"आज रविवार आहे. आज कचेरी नाही. मग तुझं डोकं का दुखतंय?"

काकांनी जावयाकडे पाहिलं. त्याचा हात गिअरवरून घसरून मांडीवर पडला होता आणि डोळे अर्धे मिटले होते. पडद्याच्या तळाचा तो करडा आकडा त्यांच्यासमोर उभा राहिला. फटीतून हवा आत जात असेल, तर त्याच फटीतून धूरही बाहेर येत असणार. डब्यात शुद्ध होण्याआधीचा, कच्चा धूर. त्यातल्या विषारी वायूला वास नसतो, नुसती गुंगी येते.

त्यांनी किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. "दारं उघडा! सगळी दारं उघडा, उतरा!"

"बाबा, पाऊस आहे, तिला सर्दी..."

"उतर म्हणतो ना!"

लेकीवर ते आयुष्यात असे ओरडले नव्हते. ते स्वतः उतरायला गेले आणि गुडघ्यातून खालीच बसले. बॉनेटला धरून उठले, मागचं दार उघडलं. काकू दचकून जाग्या झाल्या, कुरकुरत बाहेर आल्या आणि रस्त्याच्या कडेला ओकल्या. जावई गार वाऱ्यात दाराला धरून उभा होता, त्याला काय चाललंय ते समजत नव्हतं. लेकीने भिंगरीला उचललं. तिचे गाल गुलाबी दिसत होते. पावसाचे थेंब तोंडावर पडले तरी तिने डोळे उघडले नाहीत.

"भिंगरी. ए भिंगरी. ऊठ ना, बाळा." लेक तिला हलवत होती. मुलीचे हात हलत होते ते लेक हलवत होती म्हणून.

मागच्या रांगेत भाजीचा एक रिकामा टेम्पो होता. त्याच्या ड्रायव्हरने हा गोंधळ पाहिला, धावत आला, मुलीकडे एकदा बघितलं आणि एकही प्रश्न न विचारता टेम्पो वळवायला गेला. लेक आणि भिंगरी त्याच्या शेजारी, बाकीचे मागे ओल्या गोणपाटांवर. उतारावर काका त्याला पाठच्या काचेतून सांगत होते, "काच उघडी ठेव. पोरीच्या तोंडावर वारं लागू दे." ड्रायव्हर मान हलवत होता आणि हॉर्नवरचा हात काढत नव्हता.

इस्पितळात भिंगरीच्या तोंडावर लहान मुलांचा मास्क बसवला, तोही तिला मोठा होत होता. मोठ्यांनाही ओळीने ऑक्सिजन लावला. बऱ्याच वेळाने भिंगरीने पापण्या हलवल्या, मग मास्क ओढायला हात वर नेला आणि भोकाड पसरलं. इतके महिने त्या रडण्याला दोन्ही घरं वैतागली होती. लेक भिंतीला पाठ लावून खाली बसली आणि तोंडावर पदर धरून हुंदके देऊ लागली.

डॉक्टरीणबाई शांत होत्या. म्हणाल्या, "वाचली. पण या वायूचा काही भरवसा नसतो. काही आठवडे लक्ष ठेवा. कधी कधी परिणाम मागाहून दिसतो. चालताना तोल, बोलताना शब्द, वागण्यात फरक. काही वाटलं की लगेच घेऊन या."

जावई कॉरिडॉरमध्ये काकांशेजारी येऊन बसला.

"बाबा, तपासणीच्या दिवशी तुम्हाला काही दिसलं होतं?"

काकांना नाही म्हणता आलं असतं. त्या आकड्याकडे त्यांच्याशिवाय कुणी पाहिलं नव्हतं.

"दिसलं होतं," ते म्हणाले. "ऑक्सिजन जास्त होता. कुठेतरी फट आहे असं वाटलं."

"मग बोलला का नाहीत?"

"गाडी पास झाली होती."

जावई हसल्यासारखा आवाज करून उठला आणि बाहेर पावसात जाऊन उभा राहिला. समोरच्या बाकावरून काकूंनी हे सगळं ऐकलं होतं. त्या काकांकडे पाहत राहिल्या, मग त्यांनी डोळे खाली वळवले. घरातला तो अबोला त्यांनाही आठवला असावा.

गाडी ओढून आणली तेव्हा बॉनेट काका आणि जावयाने मिळून उघडलं. नळ्या जिथे इंजिनाला जोडल्या होत्या ती पट्टी पातळ होती, तापून तापून वाकली होती. तिच्या कडेला काजळीचा काळा पंखा उमटला होता. जावयाने केलेले सांधे सगळे शाबूत होते. काकांना वाटलं, निदान एवढं तरी त्याला बरं वाटेल. पण जावई तिथे बघतच नव्हता. इंजिन आणि बैठक यांच्यामधल्या पत्र्याला त्याने मीटरच्या वायरीसाठी भोक पाडलं होतं. भोवतीचं रबर बसवायचं राहून गेलं होतं. त्यातून त्याचं बोट आरपार जात होतं.

"फट तुम्ही पाहिलीत," तो हळू म्हणाला. "भोक मी पाडलं."

त्या दोघांत हा विषय पुन्हा निघाला नाही. हेडर भंगारात जाण्याआधी जावयाने ग्राइंडरने त्यांचे तुकडे केले. जुनं ओतीव तोंड परत बसलं, भोक बुजलं. लेकीने तरीही त्या गाडीत पाऊल टाकलं नाही. ती भिंगरीला घेऊन बसने जाऊ लागली, आणि बसमध्येही खिडकीची काच सरकवून बसायची. थंडी आहे म्हणून कुणी काच ओढली तर ती उठून पुन्हा उघडायची आणि भांडायलाही तयार असायची. वडिलांशी ती बोलत होती, पण बेताने. एकदाच म्हणाली, "तुम्ही नापास करत होतात तेव्हा बरं होतं, बाबा."

काका केंद्रात जात राहिले. हिरवी पट्टी आली तरी आता ते गाडीचं दार उघडून आत बसत, काचा वर करून इंजिन चालू ठेवायला सांगत आणि मालकाला विचारत, "गाडीत डोकं दुखतं का हो? पोरं झोपतात का फार?" लोक एकमेकांकडे बघत. जोडीदार आता चिडवायचा नाही. दाखला हातात धरून तो काका बाहेर येईपर्यंत थांबायचा.

घरी सगळ्यांचे कान भिंगरीकडे लागलेले. तिचा शब्द अडला की घास तोंडाशी थांबायचा. एकदा ती चमच्याकडे बोट दाखवून नुसतीच बघत राहिली. काकूंनी हळूच "च" म्हटलं. भिंगरीने "च" म्हटलं आणि पळाली. आधी हा शब्द तिला येत होता की नाही यावर त्या दिवशी दोन्ही घरांत फोनाफोनी झाली. कुणालाच खात्रीने सांगता येईना.

ठरलेल्या दिवशी तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. बाईंनी टॉर्च डोळ्यांत मारला, गुडघ्यावर टकटक केलं, बोट हलवून नजर फिरते का पाहिलं. मग फरशीच्या सरळ रेषेवरून आईकडून आजोबांकडे चालत जायला सांगितलं. भिंगरी निघाली. दोन फरश्या नीट चालली. तिसऱ्या फरशीवर ती डावीकडे सरकली आणि टेबलाला धरून वाकून खाली बघू लागली.

टेबलाखाली एक बुटाची लेस पडली होती. भिंगरी लेस बघायला वळली, की वळल्यावर तिला लेस दिसली, हे काकांना उमगलं नाही. त्यांनी डॉक्टरीणबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बाई हसल्या.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "तरी काही महिन्यांनी एकदा दाखवून जा."

लेकीने मुलीचं बोट धरलं आणि ते सगळे बसच्या थांब्याकडे चालू लागले. काका एक पाऊल मागे राहिले होते, भिंगरीच्या पायांकडे बघत.